शून्याचं तिकीट मागून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: आईबाबा कणकवलीजवळच्या गावात राहतात. बाबा ७७ वर्षांचे, आई ६९. धाकटा भाऊ ३८ वर्षांचा, लहानपणी पोलिओ झालेला, उजवा पाय अधू, दाखल्यावर दिव्यांगत्व ७० टक्के. तो रोज एसटीने कुडाळला कामाला जातो. बाबांना अधूनमधून तपासणीसाठी गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं आणि वर्षातून दोन-तीनदा दोघं माझ्याकडे पुण्याला येतात. तिघांचे मोफत पास कुठे काढायचे, कागद कोणते लागतील? आणि बाबा म्हणतात, ‘फुकट नको, मी अर्धं तिकीट काढतो.’ त्यांना काय सांगू?

ताई, एसटीत ३१ वर्षं नोकरी केली. शेवटचं दीड वर्ष कंट्रोल केबिनमध्ये बसलो, बाकी सगळी वाहक म्हणून गाडीत. आधी काखेत तिकिटांचा ट्रे आणि हातात टकटक करणारा पंच, मग मशीन. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातून नाही, गाडीच्या मधल्या वाटेतून देतोय असं समजा.

पहिलं म्हणजे पास काढायला कुठेही जाऊ नका. बाबांसाठी ‘पास’ अशी वस्तूच नाही. ‘पास कुठे मिळतो’ असं विचारत आलेल्या किती आजी-आजोबांना मी खिडकीवरून परत पाठवलं असेल, गणती नाही. एजंट म्हणवणारा कुणी ‘काढून देतो, एवढे द्या’ म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. बाबांचं वय दाखवणारं ओळखपत्र हाच त्यांचा पास.

अमृत ज्येष्ठ नागरिक योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून चालू झाली. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव होता, म्हणून ते नाव. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांतून महाराष्ट्राच्या हद्दीत मोफत प्रवास. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. साधी लाल गाडी, निमआराम, शिवशाही, शिवनेरी, सगळ्यात. ज्येष्ठांची अर्धी सवलत आधीही होती, पण तिला वर्षाला ४००० किलोमीटरची मर्यादा होती आणि मध्ये स्मार्ट कार्डाचा एक खेळ चालला होता. त्या कार्डाची मुदतवाढ इतक्यांदा झाली की नवी तारीख आली की आम्ही केबिनमध्ये हसायचो. कुणी शेजारी तुम्हाला त्या जुन्या कार्डाच्या गोष्टी सांगत असेल तर तो त्या काळात अडकलाय.

म्हणजे तुमच्या बाबांचं तिकीट शून्य, आईचं अर्धं. आईचं तर दुहेरी अर्धं आहे म्हणा, कारण १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. पण दोन अर्ध्यांचं मिळून पाव होत नाही. एका माणसाला एका प्रवासात एकच सवलत. हे सांगायचं कारण, एकदा फोंडा घाटात एका बाईंनी मला तोंडी गणित करून दाखवलं होतं की ज्येष्ठ म्हणून अर्धं आणि बाई म्हणून उरलेल्याचं अर्धं. गणित बरोबर होतं, नियम नव्हता. आई ७५ च्या झाल्या की त्यांचंही शून्य.

आता कागद. खरी अडचण इथे आहे, योजनेत नाही. नियमात आधार कार्ड, पॅन कार्ड, निवडणूक ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट असं बरंच काही चालतं. मोबाइलमध्ये डिजीलॉकर किंवा एमआधार उघडून दाखवलं तरी चालतं. झेरॉक्स मात्र खिशात ठेवून निघू नका, आणि नातवाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आधारचा फोटो म्हणजे डिजीलॉकर नव्हे. वाहकाला मूळ ओळखपत्र बघायचं असतं. अडवणूक म्हणून नाही. त्याच्या मशीनमधून शून्याचं तिकीट निघालं आणि पुढच्या थांब्यावर तपासणीवाले चढले, तर ‘याचं वय तू कशावरून ठरवलंस?’ हा प्रश्न त्याला विचारला जातो, बाबांना नाही.

पण ओळखपत्र असणं वेगळं आणि त्यावर जन्मतारीख असणं वेगळं. बाबांचं आधार कार्ड आता काढून बघा. सुरुवातीच्या काळात काढलेल्या कित्येक कार्डांवर पूर्ण तारीख नाही, नुसतं जन्मवर्ष आहे. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या लोकांची जन्मतारीख कुठे असते? ‘मोठा पाऊस झाला त्या वर्षी’, ‘थोरल्या काकाच्या लग्नाच्या आधीच्या शिमग्याला.’ नोंदणीवाल्याने वय विचारलं, वजाबाकी केली, वर्ष टाकलं. बाबा ७७ असतील तर नुसत्या वर्षावरही भागतं, कारण वर्षाची सुरुवात धरा नाहीतर शेवट धरा, ते ७५ च्या पलीकडेच आहेत. भांडण होतं ते ७४ आणि ७५ च्या उंबरठ्यावर. ज्याच्या कार्डावर फक्त वर्ष आहे आणि त्याच वर्षी पंचाहत्तरी पूर्ण होतेय, तो जानेवारीत पूर्ण झाला की डिसेंबरात, हे वाहकाने कसं ठरवायचं? मागे १२ माणसं तिकिटासाठी हात पुढे करून उभी असताना? अशा माणसाने पॅन कार्ड जवळ ठेवावं, त्यावर पूर्ण तारीख असते.

निवडणूक ओळखपत्र जुनं असेल तर आणखी गंमत. त्यावर जन्मतारीख नसते, ‘१ जानेवारी अमुक साली वय इतकं’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे वाहकाने आधी वजाबाकी करायची, मग बेरीज. मी ती करायचो, माझं गणित बरं होतं. सगळ्यांकडून ही अपेक्षा ठेवू नका.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन कार्डांवर दोन वयं. आधारवर ७७, निवडणूक कार्डावर ७३. असे आजोबा एका गाडीत आधार दाखवून शून्य तिकीट घेतात आणि दुसऱ्या दिवशी आधार घरी राहिला म्हणून दुसरं कार्ड काढतात, आणि मग ‘काल तुझ्यासारख्याच माणसाने फुकट नेलं’ म्हणून वाद घालतात. दोन्ही बाजू खऱ्याच असतात. तुमच्या घरी असं काही असेल तर आधारवरची तारीख एकदा नीट करून घ्या. तिथेही लक्षात ठेवा, आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. त्यामुळे पासपोर्ट किंवा जन्मदाखल्यासारखा पक्का पुरावा हातात आल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. घाईत चुकीची तारीख पडली तर पुढची धावपळ मोठी.

एवढं झालं की एक सवय लावा: एकच कार्ड, एकाच खिशात, नेहमी. बाबा सदरा घालत असतील तर आतला खिसा. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेलं कार्ड बघून सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर कळलं की गर्दीच्या गाडीत तेच सगळ्यांत सोयीचं. आजोबांचा एक हात दांडीला असतो, दुसऱ्या हातात पिशवी. खिशात हात घालायला तिसरा हात आणायचा कुठून?

आता तुमच्या बाबांचं ‘फुकट नको’. याला मी थोडा जास्त वेळ देणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला.

योजना चालू झाली तेव्हा मी एका वस्तीच्या गाडीवर होतो. रात्री गावात मुक्काम, पहाटे परत. त्या गाडीला एक आजी नेमाने असायच्या, डोक्यावर माडाच्या झावळ्यांची खराट्याची मोळी घेऊन बाजाराला. वय ऐंशीच्या आसपास. पहिल्या दिवशी मी त्यांचं कार्ड बघून मशीनमधून तिकीट काढलं आणि हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “माका फुकट आसा मा? मगे ह्यो कागद कित्याक दितंस?” मी म्हटलं, “आजी, ह्यो कागद नाय तर माजी नोकरी नाय.” त्यांनी तिकिटाची चार घड्यांची पुडी केली आणि पानाच्या चंचीत सुपारीशेजारी ठेवून दिली. पुढे रोज तसंच. एक दिवस चंची उघडली तर सुपारी कमी आणि तिकिटंच जास्त.

त्यांना मी जे सांगितलं ते थट्टेत होतं, पण खरं होतं. शून्य रकमेचं तिकीट हे बिनकिमतीचं तिकीट नव्हे. मशीनमध्ये नोंद होते की अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणापर्यंत एक ज्येष्ठ नागरिक गेला, त्याचं भाडं एवढं. त्या भाड्याची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देतं, तिला आम्ही प्रतिपूर्ती म्हणतो. म्हणजे बाबांचं भाडं भरलं जातंच, फक्त बाबांच्या खिशातून नाही. वाहकाने दया दाखवून त्यांना बसवलेलं नसतं. आयुष्यभर साखरेपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर त्यांनी कर भरला, त्यातलाच पैसा फिरून आला, असंही त्यांना सांगून बघा. जुन्या माणसांना हा हिशेब पटतो.

याहून मोठी गोष्ट आहे भारमानाची. भारमान म्हणजे गाडीत जेवढी जागा आहे त्यातली किती भरली. खेडेगावच्या फेरीवर आगाराची नजर असते ती या आकड्यावर. भारमान सतत कमी राहिलं की फेरी आधी दुसऱ्या वेळेला सरकते, मग एक दिवसाआड होते, मग बंद. कोकणात ही भीती खरी आहे. वाड्या विखुरलेल्या, तरुण मुंबईला, गाडीत शाळेची पोरं आणि म्हातारी माणसं. तीच म्हातारी माणसं जर ‘फुकट नको’ म्हणून सहा आसनी रिक्षात कोंबून जायला लागली, तर शाळेच्या पोरांची गाडी टिकायची कशी? बाबांनी शून्याचं तिकीट घेतलं तर त्यांच्या गावच्या फेरीत एक माणूस वाढला. अर्धं तिकीट काढलं तरी वाढलाच म्हणा, पण मग खिशातले पैसे गेले त्याचा उपयोग कुणाला?

एक मात्र चालणार नाही. ओळखीचा वाहक आहे, ‘बसा काका’ म्हणाला, आणि तिकीटच घेतलं नाही, असं करू नका. त्यात वाहकाचं नुकसान, आगाराचं नुकसान, आणि तपासणी आली तर बाबा विनातिकीट प्रवासी. वय ७७ असलं तरी. वाहक गर्दीत विसरला तर बाबांनी स्वतः हाक मारून मागावं: “माझं शून्याचं दे रे.” तिकीट उतरेपर्यंत जपायचं, चुरगाळून खिडकीबाहेर टाकायचं नाही.

गोव्याचा प्रवास. इथे लोक फसतात. मोफत आहे ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. कणकवलीहून पणजीची एसटी पकडली की कुडाळ, झाराप करत बांद्यापर्यंत आपली हद्द. बांदा सुटलं की पत्रादेवी, तिथून गोवा. त्या पुढच्या, म्हापसा-पणजीपर्यंतच्या अंतराचं भाडं बाबांना पूर्ण द्यावं लागेल. आईचं तसंच, हद्दीपर्यंत अर्धं, पुढचं पूर्ण. वाहकाने पैसे मागितले की ‘आम्ही तर फुकट’ म्हणून वाद घालू नका, तो बरोबर आहे. सुट्टे पैसे आधीच काढून ठेवा. पणजीहून बांबोळीला जायला कदंबच्या गाड्या असतात. ते गोव्याचं महामंडळ, आपली अमृत योजना तिथे चालत नाही. असंच कागलच्या पुढे निपाणी-बेळगावला जाणाऱ्यांचं. सीमा जवळ असलेल्या आपल्या भागात हे माहीत असणं बरं, नाहीतर बांद्याच्या थांब्यावर अर्धी गाडी तुमचा वाद ऐकत बसते. सिंधुदुर्गातले किती रुग्ण बांबोळीला जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळच्या गाडीत हातात एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेली दोन-चार माणसं हटकून असायची.

पुण्याला येताना आरक्षण करा. सात-आठ तासांचा रस्ता, घाट, उभं राहून यायचा प्रश्नच नाही. खिडकीवर, संकेतस्थळावर किंवा एसटीच्या ॲपवर आरक्षण करताना ७५ वरील ज्येष्ठ हा प्रकार निवडायचा. तिकीट शून्य, पण आरक्षणाचा आकार तेवढा द्यावा लागतो. तो बघून ‘मोफत म्हणता आणि पैसे घेता’ असं वाटतं लोकांना, पण तो जागा राखून ठेवण्याचा आहे. आरक्षण करताना जे ओळखपत्र नोंदवलं तेच प्रवासात बरोबर ठेवा. जागा निवडताना पुढच्या दाराजवळची घ्या, मागच्या चाकावरची किंवा शेवटच्या बाकावरची नको. फोंडा घाटात शेवटच्या बाकावरचा माणूस किती उडतो ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

पुण्यात उतरल्यावर मात्र अमृत योजना संपली. शहर बससेवेला ती लागू नाही. स्वारगेटहून तुमच्या घरापर्यंत पीएमपी, ती वेगळी संस्था, तिचे नियम वेगळे. मुंबईची बेस्ट, कोल्हापूरची केएमटी, ठाण्याची टीएमटी यांचंही तसंच. तिथे मात्र ‘पास’ ही वस्तू खरोखर असते, आणि बऱ्याचदा त्या शहराचा रहिवासी असल्याचा पुरावा मागतात, कारण त्याचे पैसे ती महापालिका भरते. पुणे महापालिका आपल्या हद्दीतल्या ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना पीएमपीचा पास देते तो असाच. तुमचे आईबाबा कणकवलीचे, त्यामुळे पुण्यातल्या रहिवाशांसाठीच्या सवलतींवर त्यांचा हक्क नाही. पाहुणे म्हणून आलेत, रिक्षा करा.

आता भाऊ. त्याच्या बाबतीत थोडं सावकाश जाऊ, कारण त्याचा प्रवास रोजचा आहे.

दिव्यांगांना एसटीच्या साध्या आणि निमआराम गाडीत तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे त्याने पाव भाडं द्यायचं. शिवशाहीत ती ७० टक्के आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सोबतच्या एका माणसाला साध्या गाडीत अर्धं तिकीट. त्याचं ७० टक्के आहे, तेव्हा हे त्याला मिळतं. सोबतीची सवलत भावाच्या अंगाला चिकटलेली आहे. भाऊ गाडीत असेल तरच ती. त्याला कुडाळला सोडून एकटा परत येणारा चुलतभाऊ पूर्ण तिकीट काढेल. आणि सोबत आई किंवा तुम्ही असाल तर हा प्रश्न येतच नाही, बायकांना अर्धं आहेच.

बाबांच्या बाबतीत एक जण नक्की विचारेल, ‘त्यांना ऐकू कमी येतं, त्यांचंही दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढू का?’ एसटीसाठी काढू नका. त्यांचं तिकीट आधीच शून्य आहे, शून्याखाली काही नाही. इतर योजनांसाठी हवं असेल तर ती वेगळी गोष्ट. कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबल इतका ऱ्हास झाला तर बधिर धरतात, त्याची रीतसर तपासणी होते. ‘टीव्हीचा आवाज मोठा लागतो’ एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. गुडघेदुखीचंही तेच. गुडघा दुखतो म्हणून ४० टक्के दिव्यांगत्व होत नाही.

भावाकडे जो दाखला आहे तो जुना कागदी असेल, निळ्या शाईचा शिक्का मारलेला, घडीवर फाटत आलेला. तो ठेवा, पण युडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र काढून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा लागतो. जुना दाखला असेल तर तो अर्जाला जोडा. गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात तपासणीला बोलावतात. तिथे जायचा दिवस आधी फोन करून विचारा. तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ रोज बसत नाही, आणि एका पायावर दिवसभर ताटकळणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कार्ड टपालाने येतं, पोर्टलवरून उतरवूनही घेता येतं.

कार्ड हातात आलं की तीन गोष्टी वाचा. टक्केवारी: ती ६५ च्या खाली उतरलेली नाही ना, नाहीतर सोबतीची सवलत जाईल. नावाचं स्पेलिंग: आधारशी जुळतं ना. आणि मुदत. ती सगळे विसरतात. काही दिव्यांगत्वं कायमची धरतात, काही तात्पुरती, आणि तात्पुरत्या कार्डावर अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. एक पोरगा रोज माझ्या गाडीला असायचा. दोन-तीन वर्षं मी त्याचं कार्ड बघत आलो, म्हणजे खरं तर चेहरा बघत आलो, कार्ड नाही. एके दिवशी नीट पाहिलं तर मुदत संपून चार महिने झालेले. चूक दोघांची. त्या दिवशी त्याने पूर्ण तिकीट काढलं, एक शब्द बोलला नाही. मलाच संध्याकाळी जेवण गोड लागलं नाही. तुमच्या भावाचा पोलिओ आहे म्हणजे कार्ड कायमचंच असायला हवं, पण बघून घ्या.

आणखी एक. कुणीतरी भावाला सांगेल, रोजचा प्रवास आहे तर मासिक पास काढ. एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो, म्हणून तो लोकांना स्वस्त वाटतो. पण भावाने हिशेब करावा. समजा एका वेळचं भाडं ४० रुपये. जाऊनयेऊन ८०. पासाला लागतील २० गुणिले ८०, म्हणजे १६०० रुपये. आणि रोज पाव तिकीट काढलं तर १० जायला, १० यायला, महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२० रुपये. पास काढला तर हजारावर रुपये वाया. बायकांच्या बाबतीतही अर्धं तिकीटच स्वस्त पडतं, १०४० रुपये. तरी योजना आल्यावर कितीतरी महिने नोकरदार बायका सवयीने पासाच्या रांगेत उभ्या असायच्या आणि आम्ही त्यांना हळूच सांगायचो, ताई, नका काढू.

चढण्या-उतरण्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. लाल गाडीची पहिली पायरी उंच असते. स्टँडवर गाडी फलाटाला नीट लागली तर ती निम्मी होते, रस्त्यात थांबली तर गुडघ्याएवढी. म्हणून शक्य असेल तेव्हा मधल्या थांब्यावर हात दाखवून गाडी पकडण्यापेक्षा स्टँडवर जा, गाडीच्या वेळेआधी १५ मिनिटं. कंट्रोलरला सांगा, सोबत पायाने अधू माणूस आहे. तो वाहकाला आवाज देतो, आधी यांना घे म्हणून. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. भावाला हे माहीत असेल, बाबांना शिकवा. राखीव जागांवर पाट्या असतात, काही जुन्या गाड्यांत अजून ‘अपंग’ असाच शब्द रंगवलेला आहे. तिथे कुणी धडधाकट बसला असेल तर स्वतः भांडू नका, वाहकाला सांगा, उठवणं त्याचं काम आहे. ‘आमदार’ अशीही एक पाटी असते. ३१ वर्षांत माझ्या गाडीत त्या जागेवर बसलेला आमदार मी पाहिला नाही, तेव्हा तिथे बाबा बिनधास्त बसू शकतात.

कधी वाहकाशी मतभेद झालाच, तर गाडीतून उतरू नका. तो म्हणेल ते तिकीट घ्या, पैसे द्या आणि तिकीट जपून ठेवा. त्यावर गाडी, वेळ, मार्ग सगळं छापलेलं असतं. घरी येऊन आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज लिहा, तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. त्या अर्जात ‘उद्धट वाहक’ वगैरे लिहू नका. तारीख, वेळ, कुठून कुठे, कुठलं ओळखपत्र दाखवलं, एवढंच. असा कोरडा अर्ज पुढे सरकतो, रागाचा अर्ज फायलीत बसतो. अर्जाची एक प्रत पोहोच म्हणून शिक्का मारून परत घ्या.

रेल्वेचंही विचाराल म्हणून सांगतो, कारण कणकवलीला स्टेशन आहे. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत रेल्वेने २० मार्च २०२० पासून थांबवली, ती परत सुरू झालेली नाही. दिव्यांगांची आहे, पण सगळ्यांना नाही. मदतनिसाशिवाय प्रवास करू शकत नाहीत अशा अस्थिव्यंगांना, पूर्ण अंधांना आणि अशा ठरावीक प्रकारांनाच. त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं. भाऊ एकटा कुडाळला जातो-येतो म्हणता, तेव्हा तो त्या व्याख्येत बसेल असं मला वाटत नाही. रेल्वेतली सवलत गेली म्हणून ज्येष्ठ माणसं पुन्हा एसटीकडे वळली, हे मी स्टँडवर बघितलंय.

कॅन्सर, क्षयरोग, डायलिसिस असल्या आजारांच्या रुग्णांनाही एसटीत वेगळ्या सवलती आहेत, त्यांना रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या घरी तशी वेळ न येवो, पण शेजारीपाजारी कुणाला लागलं तर सांगा. बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि सवलतींची परिपत्रकं मधूनमधून निघत असतात. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी कणकवली आगारात एक फोन करायचा, दोन मिनिटांचं काम.

बाबांना पहिल्यांदा शून्याचं तिकीट मिळेल तेव्हा ते चष्मा लावून वाचायला सांगा. कुठून, कुठे, वेळ आणि रकमेच्या जागी शून्य. गोव्याची गाडी असेल तर बांद्यापुढच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खिशात, कार्डाच्या खिशात नाही. पैसे काढताना कार्ड खाली पडतं आणि मग म्हापशापर्यंत सगळी गाडी बाकाखाली वाकून शोधत असते.